पानाला अठ्ठ्याऐंशी टक्के

मुंजाजीच्या घराण्यात आजवर कुणालाच अठ्ठ्याऐंशी टक्के पडले नव्हते. खुद्द मुंजाजी चौथीत दोनदा बसला, आणि तिसऱ्यांदा बसायच्या आत बापाने हातात काठी देऊन त्याला शेळ्यांमागे धाडला. मुलगा प्रभू दहावीला काठावर पास झाला, तर त्याचेसुद्धा पेढे वाटले गेले. नात रागिणी तेवढी हुशार निघाली, पण तिचीही गाडी बी.एस्सी.ला शहात्तरवर थांबली. त्यामुळे माळावरच्या सीताफळाच्या पानाला अठ्ठ्याऐंशी टक्के पडल्याचं पेपरात छापून आलं, तेव्हा मुंजाजीला वाटलं की घरातलंच आणखी एक लेकरू जिल्ह्यात पहिलं आलं.

झालं होतं असं. रागिणी हिंगोलीला होस्टेलवर राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो. बाकीच्या पोरांनी तुळस घेतली, कोरफड घेतली, हळद तर तिघांनी घेतली. रागिणीने सीताफळाचं पान घेतलं, कारण ते आजोबाच्या माळावर लागेल तेवढं फुकट होतं. पानात कोणकोणती द्रव्यं आहेत, शरीराची झीज थोपवायचा गुण, ज्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात, तो त्यांच्यात किती आहे, आणि हे पान माणसाच्या पोटात जाण्याजोगं आहे का, असे तिचे तीन प्रश्न होते. पानं मुंजाजीनेच तोडली. नातीने फोनवर बजावल्याप्रमाणे कोवळी नाहीत, जून नाहीत, मधलीच तोडली, आणि उन्हात न टाकता सावलीत वाळवली. आठ दिवस तो त्या पसरलेल्या पोत्यांपाशी पाळण्यातल्या लेकराजवळ बसावं तसा बसून होता.

डिसेंबरात पहिले दोन प्रश्न सुटले आणि रागिणीचा फोन आला.

"आबा, एक जांभळं पाणी असतंय. त्यात आपल्या पानाचा अर्क टाकला की त्याचा रंग उडतो. जेवढा रंग उडंल तेवढं पान भारी. आपल्या पानानं अठ्ठ्याऐंशी टक्के रंग उडवला!"

मुंजाजीने यातलं जांभळं पाणी सोडून दिलं, अर्क सोडला, रंगही सोडला. अठ्ठ्याऐंशी टक्के तेवढे धरून ठेवले.

"शंभरातून?" त्याने विचारलं.

"व्हय आबा, शंभरातून."

"मंग राह्यलेले बारा काहून गेले?"

रागिणी इतकी हसली की तिला नीट उत्तर देता आलं नाही. "आजून एक तपासणी बाकी हाय, आबा," एवढं मात्र तिने सांगितलं. मुंजाजीने मनात नोंद केली: दोन पेपर झाले, तिसरा राहिला.

गावातला विकास एका लहानशा पेपराला बातम्या पुरवतो. एरवी त्याच्या बातम्या म्हणजे कुठे बैल चोरीला गेला, कुठे पूल वाहून गेला. मुंजाजीने त्याला पारावर गाठून ही गोड बातमी दिली. विकासने रागिणीला फोन केला, तिचा फोटो मागवला, आणि चौथ्या दिवशी आठ ओळी छापून आल्या. 'शेळीपालकाच्या नातीचे संशोधन. सीताफळाचे पान ठरले सरस'. तिसरी तपासणी अजून व्हायची आहे, तोवर कुणी पान खाऊ नये, हे रागिणीने विकासला दोनदा सांगितलं होतं. त्याने लिहिलंही होतं. पण ते वाक्य शेवटी होतं आणि पेपरवाल्यांना जागा कमी पडली की ते कात्री शेवटूनच लावतात.

मारुतीच्या पारावर सत्कार ठरला. रागिणीचे प्रॅक्टिकल चालू होते, ती काही येऊ शकली नाही. मग टोपी, शेला आणि नारळ मुंजाजीलाच देण्यात आले. सरपंचांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला, तेव्हा मुंजाजी उठला, टोपी नीट केली, आणि म्हणाला, "पान म्या तोडलं, नातीनं तपासलं. ज्याला लागंल त्यानं मागून न्यावं." टाळ्या पडल्या. मुंजाजीची छाती अशी फुगली की शेला खांद्यावर राहीना.

इथवर सगळं गोडच होतं. गोडाचीच तर पुढची भानगड आहे, कारण मुंजाजीला चार वर्षांपासून साखर होती. सरकारी दवाखान्यातली गोळी तो सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. आता त्याने पाकीट डोळ्यांजवळ धरून पाहिलं. गोळीवर पाचशे असा आकडा होता, पण पाचशेपैकी तिला पडले किती, हे कुठेच छापलेलं नव्हतं. पानाचा निकाल तर जगजाहीर होता. मुंजाजीने पाकीट शेल्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर तीन दगड मांडून तांब्याभर पाण्यात सात पानं उकळली.

काढा कडू होता आणि त्याला वासही मारत होता. तिसऱ्या दिवशी मुंजाजीच्या पोटात ढवळलं. चौथ्या दिवशी तो बोरीच्या झुडपामागे गेला आणि जे प्यायला ते सगळं तिथेच सोडून आला. दुसरा कुणी असता तर त्याने तिथेच तांब्या पालथा घातला असता. पण मुंजाजी तोंड धुऊन विचार करत बसला. पोरीचा तिसरा पेपर बाकी आहे. आपणच पोटाची तक्रार केली, गावभर ती पसरली, विकासने ती छापली आणि कॉलेजातल्या साहेबांनी वाचली, तर? अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या पोरीला तिच्याच आजाने नापास केलं असं होईल. छे! त्याने कुणाजवळ ब्र काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सात पानं उकळली.

घरात पंचफुलाबाई होती, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "पन्नास वर्सं शेळ्या राखल्या तुमी. शेळी बाभळीचे काटे खाते, बोरीचे काटे खाते. सीताफळाच्या पानाला कधी तोंड लावताना पाह्यली का?"

"शेळी काय एम.एस्सी. झाली?" मुंजाजी म्हणाला.

"तुमी तरी कुठं झाले?"

यावर मुंजाजीला शेळ्यांना पाणी पाजायची आठवण झाली.

सत्कारात दिलेला शब्द त्याने पाळला. दहा घरं धरली. कुणाला साखर, कुणाचे गुडघे, कुणाला नुसतंच अंग जड वाटतंय. दर चार दिवसांनी ताज्या पानांची जुडी तो स्वतः नेऊन द्यायचा आणि विचारायचा, "काही फरक?" सगळे सांगायचे, लई फरक हाय. त्यातही किसनरावांची सखुबाई म्हणजे त्याचं खास घर. किसनराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या रानात मुंजाजीचा कळप खतासाठी बसायचा, दोन पिढ्यांचा घरोबा. सखुबाईला साखर जुनी, मुंजाजीपेक्षाही जास्त. तिला तो मोठ्या विश्वासाने म्हणाला होता, "वहिनी, आता त्या गोळ्याबिळ्या सोडा. आपल्या घरचं औषध हाय." सखुबाईने मान डोलावली होती.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रागिणी घरी आली. प्रभूने तिला आखाडा बाळापूरच्या स्टँडवरून मोटरसायकलवर आणलं. पंचफुलाबाईने हरभऱ्याची भाजी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा केला होता. दोन घास पोटात गेल्यावर रागिणी म्हणाली, "आबा, तिसरी तपासणी झाली."

मुंजाजीचा हात ताटातच थांबला. "किती पडले?"

"तसं नसतंय त्यात. मिठाच्या पाण्यात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव वाढवायचे, टाचणीच्या टोकाएवढे. ते पानाच्या अर्कात सोडायचे, आन् दुसऱ्या दिवशी किती जिते राह्यले ते मोजायचे. पातळ अर्कात बरेच जगले. दाट अर्कात धातला एक वाचला."

"म्हंजी नऊ मेले?"

"व्हय. पानात झीज थोपवणारं बी हाय आन् विखारी बी हाय. ज्या पानानं रंग उडवला त्याच पानानं जीव बी मारले. सर लई खूश हायत. म्हणाले, आता हे खरं काम झालं. पूर्ण तपासल्याबिगर कुणी पोटात घेऊ नये, असं मी शेवटी लिहिलंय."

मुंजाजीला सरांची खुशी काही पटेना. दहातले नऊ मेले म्हणजे मास्तर खूश कसा होईल? पोरगी आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगत असणार. तो खालमानेने भाकरी मोडत राहिला.

पंचफुलाबाईने मात्र तव्यावरची भाकरी उलटवली आणि शांतपणे सांगून टाकलं, "हे तर रोज पिऊन राहिले की."

"काय पिऊन राहिले?"

"तेच. पानाचा काढा. पेपरात आल्यापासून."

रागिणीच्या हातातला घास तसाच राहिला. "आबा? रोज?"

"काही तकलीफ न्हाई," मुंजाजी घाईने म्हणाला. "एकदम बराबर हाय. उलट अंगात ताकद वाटते."

"मंग रोज सकाळी बोरीमागं कोण ओकते?" पंचफुलाबाईने विचारलं. "बोकड?"

मुंजाजीची चोरी पकडली गेली. पण त्याला स्वतःचं काही वाटलं नाही. त्याने आधी नातीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड पांढरंफटक पडलेलं पाहून त्याला वाटलं, झालं, आपण पोरीचं वाटोळं केलं.

रागिणी ताटावरून उठली ती गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईला, मोहिनीला, साखर मोजायच्या यंत्रासकट घेऊनच आली. मोहिनीने बोटाला टोचलं, थेंब घेतला आणि आकडा वाचला. तीनशे बारा. एरवी मुंजाजीची साखर दीडशेच्या आसपास असायची. मोहिनीने त्याला गोळी कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा पंचफुलाबाईने ट्रंक उघडली. शेल्यातून पाकीट निघालं, त्यातली एकही गोळी कमी झाली नव्हती. मोहिनीने आत्ताच्या आत्ता गोळी घ्यायला लावली, आणि सोमवारी दवाखान्यात यायचंच असा दम भरला.

"आबा, काहून केलं असं?" रागिणीने विचारलं.

मुंजाजीचं लक्ष आता भलतीकडेच गेलं होतं. नऊ मेले, एक वाचला. आणि आपण घरं किती धरली? दहा.

"आनखी कुणाला दिलं तुमी?" रागिणीने जणू त्याच्या मनातलंच विचारलं.

त्याने बोटांवर मोजत नावं सांगितली. शेवटचं नाव त्याच्या तोंडातून निघेना. "सखुबाई वहिनीला म्या गोळ्या सोडा म्हणालो," असं तो अखेर म्हणाला, आणि मुंजाजीची पाचावर धारण बसली.

रविवारी सकाळी रागिणीने एका वहीवर तीन रकाने आखले. नाव, किती दिवस प्यायले, काय त्रास झाला. "चला आबा, दोघं मिळून जाऊ."

"न्हाई," मुंजाजी म्हणाला. "म्या दिलं, म्याच जातो. तू आलीस तं लोक तुह्या तोंडावर खरं बोलणार न्हाईत."

हे तो सहज बोलून गेला, पण त्या दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

पहिलं घर दगडोबाचं. दगडोबा त्याचा लंगोटीयार, गुडघ्यांनी बेजार. मुंजाजीला दारात पाहताच तो म्हणाला, "ये, ये. आज जुडी न्हाई आणली? लई आराम हाय बरं का पानानं."

"दगडू, पिणं बंद कर. विखारी निघालं ते. रागिणीनंच तपासलं."

दगडोबाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मग एवढा मोठा सुस्कारा सोडला की ओट्यावरचं मांजर उठून गेलं. "सुटलो बाबा! आरं, पहिल्याच दिवशी वास घेतला आन् उकिरड्यावर वतलं. तुला काय सांगावं? तू त्या टोपीत एवढा सजला व्हता."

मुंजाजीने वहीत लिहिलं: दगडोबा, शून्य दिवस, त्रास नाही. लिहिताना त्याचे कान गरम झाले. पण दगडोबा धडधाकट समोर बसला होता, हेही त्याने पाहून घेतलं.

दुसरं घर रामप्रसादचं. त्याची वारंगा फाट्यावर चहाची टपरी, त्या दिवशी तो घरीच होता. त्याने आढेवेढे न घेता सांगितलं की दहाच्या दहा जुड्या टपरीत पेपरच्या कात्रणाखाली टांगल्या आहेत, वाळून कडकडीत झाल्यात, गिऱ्हाइकाला तो आपल्या गावची पोरगी म्हणून कात्रण दाखवतो. पिऊन पाहिलं का? "आबा, म्या रोज साठ कप चहा पितो, त्यात हे कुठं घालू?"

तिसऱ्या घरी सुनेने पानं चुलीत घातली होती. चौथ्या घरी दिपा नावाची नवी नवरी होती, तिला दिवस गेले होते. तिच्या सासूने पान पाहिल्याबरोबर ते घराबाहेर काढलं होतं, आणि हे ऐकून मुंजाजीला दारातच खाली बसावं लागलं. या घरी त्याने जुडी सासूच्या गुडघ्यांसाठी दिली होती. सुनेचा विचार त्याच्या डोक्यातही आला नव्हता. पाचव्यापासून नवव्यापर्यंत सगळ्या घरी तीच गत. दर चार दिवसांनी ज्यांनी त्याला 'लई फरक हाय' सांगितलं, त्यांच्यापैकी एकाच्याही घशाखाली थेंब उतरला नव्हता. आणि का नाही उतरला? तर शेळी खात नाही ते आपण काय खावं, हेच जो तो सांगत होता. जणू पंचफुलाबाईच घराघरात आधी जाऊन आली होती.

रकान्यात शून्याखाली शून्य उतरत गेलं. मुंजाजीला राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. सगळ्या गावाने आपल्याला येडं बनवलं! पण पाच पावलं चालला की त्याला वाटे, बरं झालं, बनवलं ते. मारुतीपुढून जाताना त्याने हात जोडले आणि आणखी एका शून्याची मागणी केली. नऊ घरं झाली होती. सखुबाईचं तेवढं राहिलं होतं.

किसनरावांचं घर हळदीच्या रानाला लागून. दारात एक गडी हळदीचा पाला गोळा करत होता. "सखुबाई कुठं हायत?" मुंजाजीने विचारलं.

"हिंगोलीला नेलं दवाखान्यात. सकाळीच जीप करून गेले."

का नेलं, कशाने नेलं, ते त्या गड्याला ठाऊक नव्हतं. मुंजाजी ओट्यावर बसला. आपण त्या माउलीला गोळ्या सोडायला सांगितलं. तिचा आपल्यावर भरवसा, तिने मान डोलावली होती. या घराने दुष्काळात आपल्या कळपाला कडबा दिला, आणि आपण काय दिलं? वहीतली दहावी ओळ कोरी होती आणि मुंजाजीला तिथे काय लिहावं लागेल याची कल्पनाही करवेना. गड्याने पाणी आणून दिलं, ते त्याने प्यायलं नाही. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं तरी तो तसाच बसून होता.

दुपारी जीप आली. आधी किसनराव उतरले, मग त्यांचा हात धरून सखुबाई. डोळ्यांवर काळा चष्मा, पण पाय ठणठणीत, आणि तोंड त्याहून. "आवं, मुंजाजी भाऊ! कवाचे बसले? आज डोळ्याचं शिबिर व्हतं, मोतीबिंदू दाखवाया गेले व्हते. डॉक्टर म्हणाला, साखर काबूत हाय, पुढल्या महिन्यात कापू."

"काबूत?" मुंजाजी ओट्यावरून उठला. "वहिनी, तुमी गोळ्या सोडल्या व्हत्या ना?"

सखुबाई ओशाळली. तिने किसनरावांकडे पाहिलं, मग पदर सावरला. "खरं सांगू का? एकबी गोळी चुकवली न्हाई. तुमच्या पानाचं पाणी म्या कोंबड्यायच्या खुराड्यात शिंपडलं. समद्या पिसवा मेल्या बघा. लई फायद्याचं निघालं."

मुंजाजीचा जीव भांड्यात पडला. तो हसायला गेला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. किसनराव घाबरले, त्यांना वाटलं याला वाईट वाटलं. "मुंजाजी, आमी तुला सांगणार व्हतो," ते म्हणाले, "पण तू एवढ्या लांबून जुडी आणायचा. आन् पोरीचं नाव होऊन राहिलं. कोण तुहं मन मोडंल?"

"बरं केलं," मुंजाजी म्हणाला. "देवासारखं खोटं बोलले तुमी."

सखुबाईने त्याला बिनसाखरेचा चहा पाजला तेव्हाच जाऊ दिलं. चहा पिता पिता त्याने दहावी ओळ भरली. मग वही मांडीवर ठेवून थोडा वेळ विचार केला, पेन्सिलीचं टोक दाताने सारखं केलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली.

घरी रागिणी वाटच पाहत होती. त्याने वही तिच्या हातात दिली आणि खांबाला टेकून बसला. पंचफुलाबाई चुलीपाशी होती, पण तिचे कान इकडेच होते. रागिणी एकेक नाव वाचत गेली, शून्य, शून्य, शून्य. टपरीतल्या जुड्या वाचून ती हसली, खुराड्यातल्या पिसवांपाशी तर तिला वही धरवेना. "आबा, धा घरं आन् एकानंबी घेतलं न्हाई! हे म्या सरांला सांगणार. आख्ख्या गावाला माह्या आधीच ठावं व्हतं."

"पुढं वाच," मुंजाजी म्हणाला.

शेवटची ओळ वाकड्या अक्षरांत होती. मुंजाजी, बेचाळीस दिवस, रोज सकाळी उलटी.

रागिणीचं हसू थांबलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. "बेचाळीस दिवस? आबा, पहिली उलटी झाली तवाच सोडायचं ना. समद्यायनं फेकलं. तुमी काहून न्हाई फेकलं?"

मुंजाजीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्याने शेल्याने तोंड पुसलं.

"तुह्या मेहनतीचं व्हतं ते, माय. लोकायनं फेकलं तं फेकलं. म्या कसं फेकू?"

पंचफुलाबाईने पाण्याचा पेला आणि संध्याकाळची गोळी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मुकाट्याने गिळली. रागिणी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती, आणि आपण असं काय बोललो ते मुंजाजीला काही केल्या कळेना.